पातळ रक्त आणि मूत्रपिंडावरील शस्त्र : एका दुहेरी भयाचा इतिहास

इतिहास म्हटला म्हणजे राज्ये, लढाया आणि तहनामे ह्यांचीच आठवण व्हावी, अशी आपल्याकडे रीत आहे. ह्या व्यासपीठावरूनही बहुधा तोच इतिहास बोलला जातो आणि तो ऐकावयास आम्हीही हौसेने येऊन बसतो. परंतु आज ज्या इतिहासाविषयी आम्ही बोलणार आहो, त्याची रणभूमी वीतभरही लांबीची नाही. ती आपणा प्रत्येकाच्या पाठीत, बरगड्यांच्या खालच्या कडेशी, दोन्ही बाजूंस आहे. तिला आपण मूत्रपिंड म्हणतो. मूत्रपिंडावर शस्त्र चालविणारा वैद्य आणि रक्त गोठू न देणारे औषध ह्या दोघांची गाठ कशी पडली आणि त्या गाठीतून माणूस काय शिकला, हा आमचा विषय आहे.

विषय निवडण्याचे कारण घरगुती आहे. आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक आहेत. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून त्यांना रक्त न गोठण्याची गोळी रोज घ्यावी लागे. पुढे मूत्रपिंडात मोठा खडा निघाला आणि शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. हे कळताच शेजारचे एक हितचिंतक म्हणाले, "गुरुजी, रक्त पातळ असताना कापलं तर ते थांबायचं नाही. ती गोळी आजपासूनच सोडा." गुरुजींना ते पटले. शस्त्रक्रियेस तीन आठवडे अवकाश होता. त्यांनी गोळी त्याच दिवशी सोडली आणि डॉक्टरांस काही विचारले नाही. ठरलेल्या दिवसाच्या आधी चार दिवस त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. हृदयात झालेली गुठळी मेंदूत जाऊन अडकली होती. खडा जागच्या जागी राहिला, आणि ज्या माणसाने तीस वर्षे मुलांना धडे म्हणून दाखविले, तो आज स्वतःच्या नातवाचे नाव उच्चारण्यासाठी धडपडतो.

शेजाऱ्याचा सल्ला दुष्टपणाचा नव्हता. तो अर्धा खराच होता. अशी औषधे चालू असताना मूत्रपिंडाला शस्त्र लावले तर रक्तस्राव वाढतो, ह्यात शंका नाही. त्या सल्ल्यात राहिला तो दुसरा अर्धा भाग. तो अर्धा भाग वैद्यकशास्त्रालाही एका दिवसात सापडलेला नाही. त्याला जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

प्रथम मूत्रपिंडाचीच ओळख करून घेऊ. दोन्ही मूत्रपिंडांचे मिळून वजन सुमारे तीनशे ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. परंतु हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा भाग ह्या दोन लहानशा पिंडांकडे जातो. मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त त्यांतून वाहते. अंगात सारे रक्त पाच लिटरच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे ह्या प्रवाहाचा जोर ध्यानात येईल. शरीराचे रक्त गाळण्याचे काम ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे रक्ताचा ओघही तेवढाच असावयाचा. म्हणूनच मूत्रपिंड कापणे म्हणजे पाटाच्या काठावर कुदळ मारणे नव्हे. ते भर कालव्यालाच भोक पाडणे होय. शिवाय हा अवयव पोटाच्या मागे, चरबीच्या वेष्टनात खोल दडलेला. तेथे रक्त साचू लागले तर ते बाहेरून दिसत नाही. नाडी जलद होते, चेहरा पांढरा पडतो, तेव्हा कोठे संशय येतो.

ह्या भीतीमुळेच शतकानुशतके शल्यवैद्य मूत्रपिंडाच्या वाटेला फारसे गेले नाहीत. आपल्या सुश्रुताने मुतखड्यावरील शस्त्रक्रिया तपशिलाने सांगितली आहे, परंतु ती मूत्राशयातील खड्याची. तेथेही तो वैद्याला सावध करतो. शस्त्र न चालविल्यास मृत्यू ठरलेला आणि चालविल्यास जगण्याचा संशय, म्हणून धन्याची अनुमती घेऊनच पुढे व्हावे, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. हा विचार श्रोत्यांनी मनात ठेवावा. दोन्ही बाजूंस धोका असताना वैद्याने काय करावे, हा प्रश्न सुश्रुतापुढे होता आणि गुरुजींच्या डॉक्टरांपुढेही तोच असता. तो त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही, एवढाच फरक.

न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा आरंभ १८७५ साली झाला. त्याच्या सहा वर्षे आधी, १८६९ च्या ऑगस्ट महिन्यात, जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गुस्टाव्ह सायमन ह्या शल्यवैद्याने एका स्त्रीचे एक मूत्रपिंड विचारपूर्वक, आधी योजना करून काढले. पूर्वीच्या एका शस्त्रक्रियेत तिची मूत्रवाहिनी दुखावली होती आणि मूत्र नको त्या वाटेने सतत झिरपत होते. एका मूत्रपिंडावर प्राणी जगतो की नाही, हे सायमनने आधी कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिले आणि मगच हात घातला. ती स्त्री वाचली. मूत्रपिंडाची मुख्य धमनी नीट बांधता आली तर रक्त आवरता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

पण सारे मूत्रपिंड काढून टाकणे एक आणि ते राखून त्यातला खडा काढणे दुसरे. खड्यासाठी मूत्रपिंडाच्या मांसातूनच वाट काढावी लागते. ती कोठून काढावी? ह्याचे उत्तर एका चित्रकाराने दिले, हे ऐकून कित्येकांस नवल वाटेल. मॅक्स ब्रॉडेल हा मूळचा लाइपझिगचा. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथे तो वैद्यांसाठी चित्रे काढण्याच्या कामावर होता. जे काढावयाचे ते आधी नीट समजले पाहिजे, हा त्याचा हट्ट. मूत्रपिंडातील धमन्यांचा बारकाईने अभ्यास करून १९०१ साली त्याने दाखविले की, पुढच्या बाजूच्या धमन्या आणि मागच्या बाजूच्या धमन्या एकमेकींत मिसळत नाहीत. त्या दोन प्रदेशांच्या सीमेवर, बाहेरच्या कडेच्या किंचित मागे, एक पट्टा असा आहे की तेथे मोठ्या रक्तवाहिन्या फारशा नाहीत. दोन गावांच्या शिवेवरचा बांधच म्हणा ना. त्या रेषेला आजही ब्रॉडेलचे नाव आहे, आणि पाठीतून सुई घालून खडा काढणारा आजचा शल्यवैद्यसुद्धा त्याच बांधावरून आत शिरण्याची खटपट करतो.

असे मूत्रपिंडाच्या बाजूचे शास्त्र तयार होत होते. आता दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे औषधाकडे वळू.

येथे एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. 'रक्त पातळ करण्याची गोळी' असे आपण सर्रास म्हणतो. पाणी घातल्याने ताक पातळ होते, तसे काही ह्या गोळीने रक्ताचे होत नाही. रक्ताचा दाटपणा होता तसाच राहतो. जखम झाली असता रक्त जे गोठते, त्या गोठण्याच्या क्रियेत ही औषधे अडथळा आणतात, इतकेच. म्हणून त्यांना रक्तगोठणरोधक म्हणणे रास्त. पण व्याख्यानात आम्ही रूढ शब्दही वापरू.

ह्यातले पहिले मोठे औषध शोधणाऱ्याला ते शोधावयाचेच नव्हते. पुन्हा तेच बाल्टिमोर आणि तेच जॉन्स हॉपकिन्स. १९१६ साली जे मॅक्लिन नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी प्राध्यापक विल्यम हॉवेल ह्यांच्या हाताखाली काम करीत होता. काम होते रक्त *गोठविणारा* पदार्थ शुद्ध करण्याचे. कुत्र्याच्या यकृतापासून काढलेला एक अर्क मात्र उलटेच वागू लागला. मॅक्लिनने पुढे सांगितलेली आठवण अशी की, त्याने मांजराचे रक्त एका भांड्यात घेतले, त्यात तो अर्क मिसळला आणि भांडे हॉवेल ह्यांच्या टेबलावर ठेवून विनंती केली, हे गोठले की मला सांगा. ते गोठलेच नाही. १९१८ साली ह्या वर्गातील पदार्थाला हॉवेल ह्यांनी 'हेपारिन' हे नाव दिले. ग्रीक भाषेत 'हेपार' म्हणजे यकृत; आणि भाषाशास्त्रज्ञ सांगतात की ग्रीकांचा 'हेपार' आणि आपला 'यकृत्' हे मुळात एकाच घरचे शब्द आहेत. टोरांटो येथे चार्ल्स बेस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेपारिन शुद्ध केले, १९३५ मध्ये तेथेच गॉर्डन मरे ह्यांनी ते रुग्णांना देण्यास सुरुवात केली, आणि स्वीडनमध्ये क्लॅरन्स क्राफर्ड ह्यांनी शस्त्रक्रियेनंतर पायांत होणाऱ्या गुठळ्या टाळण्यासाठी ते वापरले. शस्त्रक्रियेत रक्त फार वाहण्याची भीती सर्वांना होतीच. शस्त्रक्रियेनंतर ते नको तेथे गोठण्याचीही भीती असते, हे क्राफर्डसारख्यांनी ठसविले.

दुसऱ्या औषधाची कथा गोठ्यातली आहे. १९२० नंतरच्या काही वर्षांत कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागांत गुरे विचित्र रीतीने मरू लागली. शिंगे कापली किंवा खच्ची केले की जखमेतून रक्त वाहत राही आणि जनावर दगावे. कॅनडातील पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड ह्यांनी शोधून काढले की, ही गुरे 'स्वीट क्लोव्हर' नावाचा, म्हणजे आपल्या लसूणघासाच्या जातकुळीतला, बुरशी लागून सडलेला चारा खात होती. ध्यानात घ्या, हा काही माणसाने शोधलेल्या औषधाचा दुष्परिणाम नव्हता; औषध अजून सापडलेच नव्हते. तरी पातळ रक्तावर शस्त्र चालविल्यास काय होते, ह्याचा धडा त्या मुक्या जनावरांनी आधीच देऊन ठेवला होता.

१९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी बर्फाच्या वादळातून सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकीत मॅडिसनला आला. बरोबर मेलेली कालवड, सडका चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त. तेथील रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक ह्यांच्या दारात त्याने ते नेऊन ठेवले. तो चारा देऊ नका, ह्यापलीकडे लिंक त्या दिवशी त्याला काहीच सांगू शकले नाहीत. पण ते रक्त त्यांच्या मनातून गेले नाही. सहा वर्षांनी, १९३९ साली, त्यांच्या प्रयोगशाळेत त्या चाऱ्यातील विषारी द्रव्याचे स्फटिक हाती आले. त्याच कुळातील 'वॉरफरिन' १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसासाठी औषध म्हणून मान्य झाले. १९५५ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर हेच देण्यात आले. आपल्याकडे हृदयाची झडप बदललेले जे अनेक रुग्ण आहेत, त्यांपैकी बहुतेकांच्या हातात ह्याच कुळातली गोळी असते.

तिसरे औषध सर्वांच्या ओळखीचे, ॲस्पिरिन. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स क्रेव्हन हे साधे गावचे डॉक्टर टॉन्सिल काढीत असत. त्यांच्या लक्षात आले की, ज्या रुग्णांनी दुखणे थांबावे म्हणून ॲस्पिरिन घातलेला चघळण्याचा डिंक पुष्कळ चघळला, त्यांनाच अधिक रक्तस्राव होतो. दुसरा एखादा, हे औषध वाईट, असे म्हणून थांबला असता. क्रेव्हन ह्यांनी विचार उलटा केला. जे औषध घशात रक्त गोठू देत नाही, ते हृदयाच्या धमनीतही गोठू देणार नाही! १९५० साली त्यांनी हा विचार प्रसिद्ध केला; त्याकडे त्या वेळी फारसे कोणी पाहिले नाही. रक्तातील बिंबिका एकमेकींस चिकटू नयेत असे ॲस्पिरिन करते; ते शरीरात मुळात कसे काम करते, ह्याचे स्पष्टीकरण जॉन व्हेन ह्यांनी १९७१ मध्ये दिले.

ह्या तिन्ही कथांत एक सूत्र आहे. गोठ्यात आणि टॉन्सिलच्या खुर्चीवर जो रक्तस्राव दोष म्हणून दिसला, तोच औषधाचा गुण ठरला. प्रयोगशाळेतील ते न गोठलेले रक्तही तसेच. गुण आणि दोष ही दोन वेगळी टोके नव्हतीच. ज्या बळावर ही औषधे मेंदू आणि हृदय वाचवितात, त्याच बळावर ती शस्त्राखाली रक्त वाहवितात. एक ठेवून दुसरे टाकता येत नाही.

मूत्रपिंडाची आणि ह्या औषधांची भेट प्रथम शत्रू म्हणून झाली नाही, मैत्रीनेच झाली. निकामी झालेल्या मूत्रपिंडाचे काम यंत्राने करावयाचे, तर रक्त शरीराबाहेर नळ्यांतून फिरविले पाहिजे, आणि बाहेर आलेले रक्त तत्काळ गोठू लागते. १९१३ साली बाल्टिमोर येथे जॉन एबल व सहकाऱ्यांनी प्राण्यांवर हा प्रयोग केला तेव्हा रक्त वाहते ठेवण्यासाठी त्यांनी जळवांच्या तोंडातून मिळणारे हिरुडिन वापरले. १९२४ मध्ये जर्मनीत गीसेन येथे जॉर्ज हास ह्यांनी माणसावर पहिला प्रयत्न केला, तोही जळवांच्याच भरवशावर. पुढे हेपारिन आले आणि वाट खुली झाली. १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यात असलेल्या हॉलंडमध्ये, कांपेन गावी विलेम कोल्फ ह्या तरुण डॉक्टरने सॉसेज भरण्याच्या सेलोफेनच्या नळ्या फिरत्या पिंपावर गुंडाळून कृत्रिम मूत्रपिंड बनविले. पहिले बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये सदुसष्ट वर्षांची एक स्त्री बेशुद्धीतून जागी झाली, आणि रक्तशुद्धीचे हे यंत्र खरे ठरले. आज गावोगावच्या डायलिसिस केंद्रांत जे यंत्र दिसते, त्याचा हा पूर्वज. रक्त न गोठविणाऱ्या औषधावाचून तो एक तासही चालला नसता.

परंतु मैत्रीची दुसरी बाजूही त्याच यंत्रापाशी दिसली. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या किंवा जखमी रुग्णाला डायलिसिस करावयाचे, तर हेपारिनने त्याच्या जखमा पुन्हा वाहू लागत. तेव्हा १९५० नंतरच्या दशकात डॉक्टरांनी एक युक्ती काढली : रक्त यंत्रात शिरताना हेपारिन द्यावयाचे आणि शरीरात परत जाताना त्याचा उतारा, प्रोटामिन, द्यावयाचा. म्हणजे यंत्रात रक्त वाहते आणि शरीरात गोठते! ती युक्ती पुरती साधली नाही, हेपारिनचा अंमल पुढे पुन्हा जाणवू लागे. पण त्या युक्तीमागचा विचार महत्त्वाचा होता. रक्त एका जागी वाहावे आणि दुसऱ्या जागी थांबावे, असे एकाच शरीराकडून मागावयाचे, हा तो विचार.

पुढच्या काळात हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला, आणि त्याची दोन कारणे होती. एकीकडे मूत्रपिंडावरील उपाय सोपे झाले. १९७६ मध्ये स्वीडनच्या फर्नस्ट्रोम व योहानसन ह्यांनी पाठीतून लहान छिद्र पाडून खडा काढण्याची रीत प्रसिद्ध केली. १९८० च्या फेब्रुवारीत म्युनिक येथे शरीराबाहेरून आघातलहरी सोडून खडा फोडण्यात आला. मोठी चीर गेली, तसे वयोवृद्धांनाही हे उपाय करवून घेण्याचे धैर्य आले. दुसरीकडे, त्याच वयोवृद्धांच्या हृदयात झडपा आणि धमन्यांत जाळीच्या नळ्या बसू लागल्या आणि रक्त न गोठण्याच्या गोळ्या घरोघर आल्या. पूर्वी खडा असलेला माणूस एक आणि हृदयाचा रोगी दुसरा. आता तो एकच माणूस झाला.

आणि चीर लहान झाली म्हणून रक्त घाबरून थांबत नाही. पाठीतील छिद्र मूत्रपिंडाच्या मांसातूनच जाते. आघातलहरींनी त्वचेवर ओरखडाही उठत नाही, परंतु आत मूत्रपिंडाभोवती रक्त साचू शकते. म्हणूनच रक्त गोठण्यात बिघाड असलेल्या माणसावर, तो बिघाड दुरुस्त केल्यावाचून, हा उपाय करू नये असा नियम झाला.

मग बरीच वर्षे सर्वत्र एकच परिपाठ चालला. शस्त्रक्रिया ठरली की गोळी बंद. हाच तो शेजाऱ्याचा सल्ला. ह्या परिपाठात जे भय होते ते डोळ्यांना दिसणारे होते. टेबलावर वाहणारे रक्त शल्यवैद्याला दिसते. घरी, गोळी बंद असताना, मेंदूत जाणारी गुठळी त्याला दिसत नाही. तिचा हिशेब त्याच्या वहीत येत नाही. धमनीतील जाळी बसविल्यावर गोळ्या लवकर सोडल्यामुळे ती जाळी बंद पडल्याची उदाहरणे पुढे येऊ लागली, तेव्हा हा न दिसणारा हिशेब मांडणे भाग पडले.

मग दुसऱ्या टोकाचा उपाय निघाला. वॉरफरिन बंद केल्यापासून ते पुन्हा अंगी लागेपर्यंत मधली पोकळी हेपारिनच्या इंजेक्शनांनी भरून काढावयाची. ह्याला पूल बांधणे म्हणत. कल्पना मोठी समंजस वाटते, आणि कित्येक वर्षे ती पुराव्यावाचून चालली. २०१५ मध्ये १,८८४ रुग्णांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. हे सर्व हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी वॉरफरिन घेणारे. सर्वांची गोळी शस्त्रक्रियेच्या पाच दिवस आधी बंद केली. अर्ध्यांना हेपारिनच्या जातीचे इंजेक्शन दिले, अर्ध्यांना औषध नसलेले इंजेक्शन. गुठळीचा अपघात पूल न बांधलेल्यांत शेकडा ०.४ आणि बांधलेल्यांत शेकडा ०.३, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. मोठा रक्तस्राव मात्र पूल न बांधलेल्यांत शेकडा १.३ आणि बांधलेल्यांत शेकडा ३.२. पुलाने वाचविले कोणालाच नाही. रक्त मात्र अधिक सांडले. कृत्रिम झडप असलेल्यांची गोष्ट मात्र निराळी. त्यांच्यातील अधिक जोखमीच्या रुग्णांत आजही पुलाचा विचार होतो.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१४ मध्ये, दहा हजारांहून अधिक रुग्णांवर ॲस्पिरिनची परीक्षा झाली होती. हृदयाखेरीज इतर अवयवांच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ते दिल्याने मृत्यू किंवा हृदयाचे झटके कमी झाले नाहीत आणि मोठा रक्तस्राव मात्र शेकडा ३.८ वरून ४.६ वर गेला. परंतु हृदयाच्या धमनीत पूर्वी फुगा किंवा जाळी घातलेल्यांचा हिशेब निराळा मांडला, तेव्हा त्यांना ॲस्पिरिनचा फायदा होत असल्याचे दिसले. पाहा, एकच गोळी, एकच शस्त्रक्रिया. एकास सोडणे हिताचे, दुसऱ्यास चालू ठेवणे हिताचे. गोळीकडे पाहून उत्तर मिळत नाही, माणसाकडे पाहावे लागते.

ह्या शतकात आलेल्या नव्या गोळ्यांनी एक सोय केली. वॉरफरिनचा अंमल उतरावयास पाच दिवस लागतात, ह्यांचा बहुधा दोन दिवसांत उतरतो, आणि मधल्या काळात पुलाचीही गरज नाही, असे २०१९ मधील तीन हजार रुग्णांच्या पाहणीत दिसले. परंतु येथे मूत्रपिंड पुन्हा आडवे येते. ह्यांतील डॅबिगाट्रान नावाची गोळी सुमारे शेकडा ऐंशी मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते. खड्याने वा अन्य रोगाने मूत्रपिंड अशक्त झाले असेल, तर गोळी अंगात अधिक दिवस राहते. ज्या अवयवावर शस्त्र चालवावयाचे, तोच अवयव औषध बाहेर टाकणारा! म्हणून त्या रुग्णाची गोळी इतरांपेक्षा अधिक दिवस आधी थांबवावी लागते, आणि किती दिवस, हे रक्त तपासूनच ठरते.

शस्त्राची निवडही आता ह्या हिशेबात धरली जाते. ज्याची गोळी थांबविणे धोक्याचे, त्याच्या खड्याकडे पाठीतून न जाता मूत्रमार्गाच्या नैसर्गिक वाटेनेच बारीक दुर्बीण घालून, लेसरच्या साहाय्याने खडा फोडता येतो. तेथे मूत्रपिंडाचे मांस कापावे लागत नाही आणि अनेकदा गोळी चालू ठेवूनही हे काम उरकता येते. खड्याची वेळ बदलता येण्यासारखी असेल, तर जाळी बसविल्यानंतरचे पहिले कित्येक महिने शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचाही मार्ग आहे.

ह्या इतिहासाचा बोध आमच्या मते एकच. रक्त वाहण्याचे भय आणि रक्त गोठण्याचे भय ही दोन्ही खरी आहेत. एकाला भिऊन दुसऱ्याकडे पाठ फिरविणे म्हणजे सावधगिरी नव्हे. सायमनने आधी प्रयोग केला, ब्रॉडेलने आधी वाहिन्या पाहिल्या, क्रेव्हनने रक्तस्रावाचा अर्थ विचारला. ज्यांनी भयाचे मोजमाप केले, त्यांच्या हातून काही साधले. ज्यांनी एका परिपाठावर विसंबून काम चालविले, त्यांना त्याची किंमत मोजावी लागली, आणि पुष्कळदा ती रुग्णाने मोजली.

श्रोत्यांपैकी अनेकांच्या घरी अशा गोळ्या असतील. त्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या, एवढी आमची विनंती आहे. पहिली, गोळी लपवू नये. डोकेदुखीची म्हणून घेतलेली ॲस्पिरिनसुद्धा शल्यवैद्याला सांगावी. तिचा अंमल आठवडाभर टिकतो. दुसरी, गोळी आपल्या मनाने सोडू नये आणि आपल्या मनाने पुन्हा सुरूही करू नये. किती दिवस आधी थांबावयाचे, मध्ये काही द्यावयाचे की नाही आणि पुन्हा केव्हा घ्यावयाची, हे हृदयाचे डॉक्टर आणि मूत्रपिंडाचे डॉक्टर ह्यांनी एकमेकांशी बोलून कागदावर लिहून द्यावे, असा आग्रह धरावा. तसा आग्रह धरणे हा उद्धटपणा नव्हे. घरी परतल्यावर कित्येक दिवसांनीही लघवी लाल झाली, तर उजाडण्याची वाट न पाहता कळवावे.

सुश्रुताच्या काळी अनुमती धन्याची घ्यावयाची होती. आज धनी रुग्ण स्वतः आहे. परंतु अनुमती द्यावयाची तर दोन्ही बाजूंचा संशय त्याला समजावून सांगितला गेला पाहिजे, आणि त्यानेही तो विचारून घेतला पाहिजे. आमच्या गुरुजींना कोणी सांगितले नाही, आणि त्यांनी विचारले नाही. परवा आम्ही त्यांना भेटावयास गेलो होतो. नातू पाटीवर अक्षर काढून दाखवीत होता आणि गुरुजी ते वाचण्याचा प्रयत्न करीत होते. औषधाच्या डब्यातली ती गोळी आता त्यांच्या सूनबाई रोज वेळेवर देतात. डब्याच्या झाकणावर त्यांनी एक कागद चिकटविला आहे; त्यावर गोळीचे नाव, ती कशासाठी आहे ते, आणि डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक लिहिला आहे. तेवढा कागद आज घरी गेल्यावर आपणांपैकी प्रत्येकाने लिहिला, तर ह्या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.